खंडेनवमीची हजेरी

आमच्या विद्यापीठात यायचं तर मोशीत उतरायचं, इंद्रायणीचा पूल ओलांडायचा आणि चाकणकडे निघालेल्या कंटेनरच्या मागून सबुरीने चालत राहायचं. कंटेनर सरळ जातो, आपण डावीकडे वळतो. समोर काचेची इमारत दिसते, ते विद्यापीठ. तिच्यामागे पत्र्याची दिसते, तेही विद्यापीठच, पण ते पाहुण्यांना दाखवत नाहीत.

मधल्या काळात आमचं विद्यापीठ फार पुढे गेलं. कागदविरहित कारभार सुरू झाल्याचं परिपत्रक प्रत्येक विभागाला दोन प्रतींत मिळालं. एक दप्तरी ठेवायला, एक सही करून परत पाठवायला. रजेचा अर्ज आता संगणकावर भरायचा, मग छापायचा, साहेबांची सही घ्यायची आणि त्या सहीचा फोटो काढून परत संगणकावर चढवायचा. पूर्वी या कामाला नुसता कागद लागायचा, आता कागद आणि संगणक दोन्ही लागतात.

वर्गावर्गांत स्मार्ट बोर्ड आले. पहिल्याच आठवड्यात एका प्राध्यापकांनी त्यावर साध्या मार्करने न्यूटनचा दुसरा नियम लिहिला. तो अजून निघालेला नाही. त्या वर्गात कुठलाही विषय शिकवला, तरी कोपऱ्यात न्यूटन असतोच. दारात चेहरा ओळखून हजेरी लावणारं यंत्र बसलं. ते शिपायांपासून अधिष्ठात्यांपर्यंत सगळ्यांना ओळखत होतं, फक्त कुलगुरूंना ओळखत नव्हतं. चौकशीत निघालं की, कुलगुरूंनी यंत्राला स्वतःचा माहितीपुस्तिकेतला फोटो दिला होता. त्या फोटोत त्यांच्या डोक्यावर भरघोस केस होते.

ही थट्टा आम्ही आपसात करतो. बाहेरच्याने केलेली चालत नाही. कारण याच यंत्रांच्या आधारावर आमच्याकडे एक गोष्ट उभी राहिली, जी आजूबाजूला कुठेही नाही. शिफ्टची बॅच.

ती उभी केली विजयश्री सस्ते यांनी. बाई मोशीच्याच, जुन्या शेतकरी घरातल्या. इंजिनिअर झाल्या, चाकणच्या एका कंपनीत काही वर्षं काढली आणि मग इथे शिकवायला आल्या. कंपनीत असताना त्यांनी एक गोष्ट रोज पाहिली होती. डिप्लोमा करून मशीनवर उभी राहिलेली हुशार पोरं-पोरी डिग्रीचं नाव काढतात आणि गप्प बसतात. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, पुढचा सेकंड, त्याच्या पुढचा नाइट. कुठलं कॉलेज अशा वेळापत्रकाला वर्ग भरवणार?

बाईंनी भरवला. त्या वर्गात शिकवायच्या; बोर्डावर लिहिलेलं आणि बोललेलं थेट फोनवर जायचं. ज्याची सुट्टी असेल तो वर्गात बसायचा, कुणी कँटीनमधून ऐकायचं, कुणी कंपनीच्या बसमधून. ड्यूटीवर असेल त्याने नंतर बघायचं. हजेरी मात्र नुसतं ऐकून लागत नसे. बाई मध्येच नाव घेऊन प्रश्न विचारायच्या. नंतर बघणाऱ्याला नंतर फोन करून विचारायच्या. उत्तर चुकलं तरी हजर, पण उत्तर द्यायला तिथे असायला हवं.

बॅच तिसऱ्या वर्षाला आली आणि दिल्लीहून पत्र आलं. फोनवरून केलेला वर्ग हा वर्ग धरायचा की नाही, हे ठरवायला समिती येणार. समितीने नाही म्हटलं, तर आधीची सगळी हजेरी रद्द. मग वर्षाच्या शेवटच्या परीक्षेला कुणालाच बसता येणार नव्हतं आणि बॅच बंद. तारीख आली ती नेमकी खंडेनवमीची. दिल्लीच्या कॅलेंडरात त्या दिवशी काहीच नव्हतं.

आता भिमाजी बोराट्यांबद्दल सांगायला हवं. हे आमच्या इमारत विभागाचे प्रमुख. वीज, पाणी, कुलपं, किल्ल्या सगळं त्यांच्याकडे. विद्यापीठाची निम्मी जागा मूळची बोराट्यांचीच, त्यामुळे त्यांना सगळे तात्या म्हणतात, कुलगुरूसुद्धा. पाहुणे येणार म्हटल्यावर तात्यांनी सकाळी लवकर येऊन स्वखुशीने तयारी केली. सर्व्हरच्या कपाटाला झेंडूचं तोरण, स्मार्ट बोर्डांना हार, प्रिंटरला आपट्याची पानं. हजेरीच्या यंत्राला बरोबर मध्यभागी हळदीकुंकवाची बोटं. वर्गातल्या कॅमेऱ्याला तर त्यांनी डोळ्यातच कुंकू लावलं, कारण डोळा हेच त्याचं तोंड. नारळ ठेवला, उदबत्ती लावली, आरती म्हटली आणि मेन स्विच बंद करून किल्ली खिशात टाकली.

विजयश्रीबाई साडेदहाला पोहोचल्या, तर इमारत सजलेली आणि थंडगार.

“तात्या, सर्व्हर कुणी बंद केला?”

“मीच की. पूजा झाली, आता उद्या. सोनं लुटलं की चालू करू.”

“तात्या, अकराला समिती येतेय! वर्ग चालू करून दाखवायचाय.”

“येऊ दे. बघू दे. असली पूजा दिल्लीत बघितली नसंल त्यांनी.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “नवमीला मांडल्यालं हत्यार उचलायचं न्हाई, हे सस्त्यांच्या लेकीला मी सांगायचं व्हय?”

तात्या खोटं बोलत नव्हते. बाईंच्या घरीही नवमीला नांगरापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं पूजेत बसायचं. विळीसुद्धा. त्या दिवशीची भाजी आदल्या दिवशी चिरून ठेवायची. एका वर्षी त्यांनी लहानपणी पूजेतला कोयता उचलला होता, तर आजोबांनी रागवायचंही सोडून नुसतं बघितलं होतं. जमलेल्या कारकून-शिपायांचे चेहरेही तात्यांच्याच बाजूचे होते. किल्ली हिसकावून घेता आली असती, पण मग त्या इमारतीत बाईंना पुन्हा कुणी पाण्याचा ग्लास आणून दिला नसता.

कुलगुरू आले. सगळं ऐकून घेतलं. “परंपरा आणि तंत्रज्ञान या दोन्हींचा यथोचित मान राखून मार्ग काढावा,” असा निर्णय त्यांनी दिला आणि पाहुण्यांच्या स्वागताला फाटकाकडे गेले.

बाई सर्व्हरच्या खोलीत तोरणाकडे बघत क्षणभर उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “तात्या, एक विचारू? हे हत्यार शेतातलं की कंपनीतलं?”

“म्हंजी?”

“शेतातलं हत्यार नवमीला उचलत नाहीत, बरोबर. पण चाकणला मी पाहिलंय. मशीनची पूजा झाली की लगेच चालू करतात, एक जॉब, म्हणजे एखादा नग काढतात, त्या जॉबलाही कुंकू लावतात आणि मग बंद. पहिला जॉब निघाला नाही, तर पूजा अर्धी राहिली म्हणतात.”

तात्यांनी डोकं खाजवलं. “ते खरं हाय. माझा पोरगा बी तेच सांगतो. पर हे शेतातलंच. उभं कुटं हाय बघा ना. ह्या खोलीखाली आमचा गरव्या कांद्याचा वाफा व्हता.”

“आता कांदा निघतो का यातनं?”

“न्हाई.”

“पाऊस पडला तर चालतो का याला?”

“छ्या! ताडपत्री घेऊन पळावं लागतं.”

“रात्री झोपतं का?”

“कुटलं! चोवीस तास भुणभुण चालूच.”

“मग तात्या, शेतातलं कुठलं हत्यार नाइट शिफ्ट करतं?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. तात्यांनी वळून पाहिलं, तसं ते हसू थांबलं. तात्यांनी कपाटाला हात लावून पाहिला, जणू जनावराची जात ओळखायची होती.

“बरं. कंपनीतलं म्हना. पर ह्याच्यातनं जॉब कसला काढनार?”

“एक वर्ग. शिफ्टच्या बॅचचा.”

“एकच?”

“एकच. नंतर तुमच्या हाताने बंद करा.”

“चालू बी मीच करनार,” तात्या म्हणाले आणि किल्ली काढली.

सर्व्हर सुरू झाला. समिती वर्गात येऊन बसली. अध्यक्ष डॉ. शेखर पंडित, मूळचे इंदूरचे. मराठी स्वच्छ, पण वळण तिकडचं. बरोबर दोन सदस्य, ज्यांना मराठी येत नव्हतं. ते अध्यक्षांच्या चेहऱ्यावरून अर्थ लावत होते. पडद्यावर चित्र उमटलं. त्यात एक मोठा लाल डाग होता आणि त्याच्या कडेला विजयश्रीबाईंचा एक कान.

“कॅमेरा पुसून घ्या ना,” डॉ. पंडित म्हणाले.

तंत्रज्ञाने रुमाल काढला, दोन पावलं टाकली आणि थांबला. दारात तात्या उभे होते. त्यांनी बोलायची गरजच नव्हती. सणाच्या दिवशी लावलेलं कुंकू पुसायचं, आणि तेही बाईमाणसासमोर! वर्गातल्या एकाचाही हात धजला नसता. तंत्रज्ञाने रुमालाने स्वतःचा घाम पुसला आणि रुमाल परत खिशात ठेवला.

“राहू दे,” बाई म्हणाल्या. “बोर्ड त्यांना थेट दिसतो. माझा चेहरा त्यांना पाठ आहे.”

“आणि त्यांचे चेहरे?” डॉ. पंडितांनी विचारलं. पडद्यावर नुसती नावं होती, नावांखाली काळे चौकोन.

“सर, कंपनीच्या गेटवर गार्ड फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतो. आत फोटो काढायला मनाई असते. एरवी शॉपमध्ये, मशीनपाशी, फोनच नेऊ देत नाहीत. आज पूजा म्हणून फोनलाही परवानगी आणि घरच्यांनाही. पण स्टिकर आहेच.”

“म्हणजे तुम्ही त्यांना दिसत नाही आणि ते तुम्हाला दिसत नाहीत.”

“नाही दिसत.”

डॉ. पंडितांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते बरं नसावं, कारण मराठी न येणाऱ्या दोघांचेही चेहरे उतरले.

बाईंनी शिकवायला सुरुवात केली. विषय होता शाफ्टवर बेअरिंग घट्ट बसवण्याचा. पलीकडून सगळ्या चाकणचा सण वर्गात येत होता. कुठे आरती, कुठे लहान मूल, कुठे “भावा, पेढा घे की”. बाई मध्ये मध्ये नाव घेत होत्या आणि उत्तरं येत होती. थोड्या वेळाने डॉ. पंडित उठले.

“मी विचारू एक? तेजस्विनी शिंदे आहे का?”

“हो सर, आहे.” तेजस्विनी बीडकडची. मोशीत खोली घेऊन राहते आणि सीएनसी मशीन चालवते.

“बेअरिंग तापवून बसवतात. बरं. पण तापवलं की लोखंड फुगतं. मग मधलं भोक लहान व्हायला हवं, नाही?”

तेजस्विनी बोलायच्या आत मागून खणखणीत आवाज आला. “अगं, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव तापवूनच चढवतेत की! सांग की साहेबाला!”

“आई, गप गं!”

“पाहुण्यांनी उत्तर सांगू नये,” विजयश्रीबाई वर्गाच्या आवाजात म्हणाल्या. “सोजराबाई, तुम्हालाही सांगतेय.”

“बरं बाई,” पलीकडून उत्तर आलं. “मी काय बोलायलेच न्हाई.”

तेजस्विनीने घसा साफ केला. “सर, भोकपण मोठं होतं. रिंग सगळीकडून सारखी वाढते. फोटो मोठा केला, तर त्यातलं तोंड लहान होत नाही ना? तसंच.”

“छान,” डॉ. पंडित म्हणाले. पण बसले नाहीत. “मॅडम, उत्तर छान आहे. पण हीच तेजस्विनी कशावरून? उद्या कुणीही कुणाच्याही नावाने बोलेल. चेहरा नाही, तर हजेरी कसली? आमच्याकडे विचारतील तर काय सांगू मी?”

हा खरा प्रश्न होता आणि त्यावरच बॅच टांगलेली होती. कुलगुरूंनी मागच्या बाकावर बसल्या जागी हात जोडले. देवाला की समितीला, ते कळलं नाही.

“हजेरी घेऊन दाखवते,” बाई म्हणाल्या.

जुन्या शाळेत घेतात तशी त्यांनी नावं घ्यायला सुरुवात केली. म्हाळुंग्यातून हजर. खराबवाडीतून हजर. निगडीच्या बसस्टँडवरून, गाडीच्या घरघराटात हजर. इंद्रायणी काळोखे, हजर. ज्योतीराम पवार, हजर मॅडम. तेजस्विनी शिंदे, हजर आणि मागून आणखी एक दबलेलं हजर. प्रज्वल लांडगे.

“हजर, मॅडम.”

बाई थांबल्या.

समितीला काही जाणवलं नव्हतं. डॉ. पंडितांचं पेन पुढच्या नावाची वाट बघत होतं. पण बाईंना तो आवाज माहीत होता. प्रज्वल कासारवाडीत जन्मला, वाढला. त्याचा आवाज बारीक आणि घाईचा. हा आवाज भरदार, शब्द दाबून बोलणारा, आणि तो नुकताच एकदा हजर म्हणून गेला होता. मागच्या बाकावरून कुलगुरू डोळ्यांनी खुणावत होते, चला, पुढे चला. त्यांनाही कळलं होतं असं नाही, पण थांबणं धोक्याचं, एवढं त्यांना प्रशासनातल्या अनुभवाने कळत होतं. बाईंनी पुढचं नाव घेतलं असतं, तर ते जगात कुणालाच समजलं नसतं. बॅच मंजूर होऊन चहा आला असता.

“ज्योतीराम,” बाई म्हणाल्या.

पलीकडे आरतीही कुणीतरी थांबवली असावी.

“ज्योतीराम, प्रज्वल कुठाय?”

“मॅडम…” तोच भरदार आवाज, आता अगदी बारीक झालेला. “त्याच्या कंपनीत पूजा उद्याय. ऐनवेळी लाइनवर उभं केलं त्याला. मेसेज आला. म्हटलं, समितीवाले आल्यात, बॅचचं नुकसान नको व्हायला.”

“म्हणून तू त्याच्या नावाने बोललास.”

“चुकलं, मॅडम.”

“चुकलंच. प्रज्वल गैरहजर. त्याला सांग, उद्या सर्व्हर चालू झाला की वर्ग बघ, मी संध्याकाळी प्रश्न विचारीन. आणि तूही तयार राहा, तुला दुप्पट विचारीन.”

“दसऱ्याला?”

“दसऱ्यालाच.”

पुढची नावं झाली. सगळे हजर. वर्ग संपला. कुलगुरूंनी डोळे मिटून घेतले होते. मराठी न येणाऱ्या एका सदस्याने डॉ. पंडितांना हलकेच विचारलं, काय झालं म्हणून. त्यांनी हिंदीत सांगितलं, “प्रॉक्सी पकड़ी है.” दुसऱ्याने विचारलं, “कैमरे से?”

डॉ. पंडितांनी लाल डागाकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही.

मग ते विजयश्रीबाईंकडे वळले. “मॅडम, मला कळलं नसतं.”

“मला कळलं ना.”

“सोडून दिलं असतं, तर तुमचं काम झालं असतं.”

“सर, निगडीला बसस्टँडवर उभं राहून ज्याने हजर म्हटलं, त्याला मी काय सांगितलं असतं?” बाईंनी पडद्यावरच्या नावांकडे बोट केलं. “हे लोक ओव्हरटाइम करून येतात. त्यांची हजेरी खोटी निघाली असं उद्या कुणी म्हटलं, तर माझी बॅच नाही, त्यांची तीन वर्षं जातील.”

डॉ. पंडितांनी वही मिटली. मग म्हणाले, “मी शिकवतो तिथेही दारात यंत्र आहे. मुलं येतात, तोंड दाखवतात आणि चहाला जातात. यंत्र म्हणतं, शंभर टक्के. मी इतकी वर्षं डोळ्यांसमोरच्या मुलांची हजेरी घेतली, पण डोळे बांधून मला त्यातला एकही आवाज ओळखता आला नसता, बरं का.”

तिघे कोपऱ्यात जाऊन बोलले. बोलणं लांबलं नाही. एका सदस्याला अजून शंका होती, ती त्याने इंग्रजीत मांडली, डॉ. पंडितांनी तिचं हिंदीत उत्तर दिलं आणि दारातल्या तात्यांनी मराठीत मान डोलावली. मग डॉ. पंडित बोर्डाजवळ आले. “हे मुलांना मीच सांगतो. माइक कुठे आहे? ह्याला फुलं कुणी गुंडाळली?”

“ऱ्हाऊ द्या साहेब, तसंच बोला. ऐकू जातंय,” तात्या म्हणाले.

झेंडूच्या फुलांत तोंड घालून दिल्लीच्या समितीचे अध्यक्ष बोलले. “मुलांनो, प्रश्न विचारून घेतलेली तुमची हजेरी समितीला मान्य आहे. आधीची सगळी धरून. परीक्षेला बसा. एक जण आज गैरहजर होता, तेही आम्ही लिहून घेतलं आहे. ते लिहिलेलं आहे, म्हणून बाकीचं खरं वाटतं.”

पलीकडे एकदम इतका कल्ला झाला की बोर्डावरचे आकडे थरथरायला हवे होते. कुणी शिट्टी मारली, कुणी मशीनवर पाना आपटला. ज्योतीरामचा आवाज तर चाकणहून फोनशिवायही पोहोचला असता. आमच्या वर्गात कुलगुरू उठून टाळ्या वाजवत होते आणि कारकुनांनी विजयश्रीबाईंना गराडा घातला होता. बाई मात्र कल्ल्यातल्या एकेका आवाजाला ऐकत उभ्या होत्या, कोण कोण आहे ते बघत असल्यासारख्या.

कल्ला ओसरला तसा एक आवाज उरला. “साहेब, आता बोलू का? मघा गप बसा म्हणल्या होत्या बाई.”

“बोला, सोजराबाई.”

“म्हंजे आमची तेजू आता खरी कालेजातली?”

“आधीपासूनच होती, बाई,” डॉ. पंडित म्हणाले. “आम्हाला आज कळलं, एवढंच.”

“मग हे हिच्या सुपरवायझर साहेबाला सांगा. हितंच उभं हायेत. त्यांना वाटायचं, जेवणाच्या सुट्टीत पोरगी फोनवर पिक्चर बघती.”

“आई!”

पलीकडे पुरुषी खाकरणं ऐकू आलं. “नमस्कार सर. नाही, म्हणजे तसं काही नाही…” सुपरवायझर अडखळला. मग त्याने फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी सांगितलेलं आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. “तो नारळ आण रे इकडं. मोठे साहेब कशाला यायला पाहिजेत? तेजस्विनी, तुझ्या मशीनचा तू फोड.”

“मी?”

“तूच. आज तुझाच मान.”

“फोन ठिवू नका साहेब,” सोजराबाई घाईने म्हणाल्या. “ऐका.”

मग दिल्लीची समिती, कुलगुरू, तात्या आणि आम्ही सगळे चाकणमधल्या एका मशीनचा नारळ ऐकत उभे राहिलो. पहिल्या फटक्यात तो फुटला नाही. दुसऱ्यात फुटला. पाणी सुपरवायझरच्या बुटांवर सांडलं, असं सोजराबाईंनी आम्हाला सांगितलं, आणि त्या सांगत असतानाच तेजस्विनीने मोठ्याने विचारलं, “मॅडम, पुढचा वर्ग कधी?”